चेहरा मोठा ठेवा

४ जानेवारी

घशाच्या डॉक्टरांनी आज नळी घालून आत पाहिलं आणि मलाही पडद्यावर दाखवलं. माझे स्वरतंतू. दोन पांढऱ्या पट्ट्या, आणि एकीवर मसुराएवढी गाठ. इतकी वर्षं ज्यांच्या जिवावर पोट भरलं ते असे दिसतात हे मला माहीत नव्हतं.

"शिकवताना माइक वापरता?"

म्हटलं, "माइक कशाला? आमचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो."

"आणि घरी? घरी मोठ्याने बोलावं लागतं?"

"घरी बोलायला आहे कोण? मी आणि माझी मोठी बहीण. ती माझं ऐकतच नाही."

डॉक्टर हसले. मी विनोद केला नव्हता.

गाठ काढायला हवी. मार्चच्या शेवटी जागा आहे. तोवर कमी बोलायचं, आणि ऑपरेशननंतर काही आठवडे अजिबात नाही. मग आवाज कसा येईल? "येतो साधारण. पण वर्गात शिकवण्याजोगा येईलच, असं मी लिहून देणार नाही." हे म्हणताना ते माझ्याकडे नाही, पडद्याकडे बघत होते.

बाहेर येऊन बाकावर बसले. शेजारी कोणी असतं तर त्याला सांगितलं असतं. तोंडात तीळ न भिजणारी बाई मी. बोलणं कमी करायचं तर ते कुठेतरी जायला हवं, म्हणून ही वही घेतली.

६ जानेवारी

प्राचार्यांनी बोलावून फार गोड शब्दांत सांगितलं की माझे वर्ग आजपासून दुसऱ्याकडे. "पण मॅडम, कॉम्प्युटरला डेटा स्ट्रक्चर्स तुमच्यासारखं कोणी शिकवत नाही. आवाज आहे तोवर सगळा विषय रेकॉर्ड करून ठेवू या. चित्रं, ॲनिमेशन, सगळं घालून. तुमचे धडे कायम राहतील." धडे कायम राहतील, मी राहीन असं काही ते म्हणाले नाहीत.

संध्याकाळी ताईला सांगायचं ठरवलं. ती गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होती. मी ओट्यापाशी उभी राहून सगळं सांगितलं. गाठ, ऑपरेशन, वर्ग गेले ते. हूं नाही की चूं नाही. शेवटी ओरडले, "ताई, माझं ऑपरेशन आहे!" तिने एक पिवळं पान खुडलं. मग वळली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं, काय झालं? रडतेस का?"

म्हटलं, काही नाही.

"बरं," म्हणाली आणि आत गेली.

ही बाई जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला यंत्र लावून हजारो लोकांची जोडाजोड केली. आता म्हणते, "लोकांचं ऐकून ऐकून कान विटले गं." थोडं कमी ऐकू येतं तिला, हे मान्य. पण श्रवणयंत्र आणून दिलं तर ते "कर्र करतं" म्हणून ड्रॉवरमध्ये. आणि तिचं बहिरेपण तरी कसं, सोयीचं! समोर बसून बोलावं तर अक्षरन् अक्षर कळतं, पाठ फिरली की ठार बहिरी. याला आमच्यात हट्ट म्हणतात. मेव्हणे गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली तेव्हा वाटलं होतं, चला, घरात कोणीतरी बोलायला झालं.

१५ जानेवारी

पहिलं रेकॉर्डिंग. स्टुडिओ म्हणजे जुनी अडगळीची खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना चारी बाजूंनी जाड ब्लँकेटं टांगलेली. आत गेलं की कोणी पांघरुणात गुंडाळून ठेवल्यासारखं होतं. कॅमेरा, दोन दिवे आणि एक तरतरीत बाई, जी रेकॉर्डिंग करते आणि नंतर कापाकापी करते. मी तिचं नाव कात्री ठेवलं. तोंडावरच सांगितलं, तिला आवडलं.

शिकवायला लागले आणि शब्दच फुटेना. वर्गात "कळलं का?" म्हटलं की चेहरे दिसतात; कोण कळल्याचं सोंग घेतंय तेही दिसतं. इथे एक काळं भोक. त्या भोकाला मी स्टॅक समजावला. स्टॅक म्हणजे चळत: ताटं एकावर एक ठेवायची आणि काढताना सगळ्यात वरचं आधी काढायचं. सुरुवातीलाच सांगून टाकलं, की मार्चमध्ये माझ्या घशाचं ऑपरेशन आहे, नंतर आवाज येईल न येईल, तेव्हा विषय त्याआधी संपवायचा आहे. कात्री म्हणाली, हे कापू या. मी म्हटलं, हात लावू नकोस.

मग ती म्हणाली, "मॅडम, 'कळलं का' नंतर चार सेकंद नुसती शांतता आहे. ती तरी कापते."

"अगं, तिथे मुलं विचार करतायत."

"इथे मुलं नाहीत, मॅडम."

कापली तिने.

१९ जानेवारी

धडा कॉलेजच्या साइटवर गेला. कोणीही बघू शकतं. कॉलेजबाहेरचा असेल तर त्याचं नाव नुसतं "पाहुणा" असं दिसतं. मी घरी टॅबवर उघडून पाहिला. माझी हनुवटी अशी आहे? पाच मिनिटांत बंद केला आणि टॅब टेबलावर ठेवून दिला. ताईला म्हटलं, तूच वापर तो, पाककृती बघ, करमणूक होईल.

२३ जानेवारी

कात्रीने स्टॅकचं ॲनिमेशन दाखवलं. ताटं वरून तरंगत येतात, मागे पेटी वाजते, सगळं झकपक. आणि काढताना ताट निघतं ते चळतीच्या तळातून! म्हटलं, हे काय? तर म्हणे, "वरून काढलं की झटका बसतो, मॅडम. खालून कसं सुळकन जातं." कपाळ माझं. जे शिकवायचं नेमकं त्याच्या उलटं, पण सुळकन. पुन्हा करायला लावलं. दोघींचेही चेहरे दिवसभर फुगलेले.

निघताना पिशवीत थर्मास सापडला. कोमट पाणी. ताईने ठेवला असणार. संध्याकाळी जेवताना आपणहून म्हणाली, "ऑपरेशनला मी बरोबर येणार."

म्हणजे त्या दिवशी सगळं ऐकू आलं होतं! ऐकलं आणि पान खुडत बसली. अशा माणसाशी काय बोलायचं?

३१ जानेवारी

कात्रीकडे सगळा हिशेब असतो: कोणी किती पाहिलं, कुठे सोडलं. आमची पोरं धडा दुप्पट वेगाने पळवतात, मधलं गाळतात, शेवटची दोन मिनिटं बघतात. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं, पण वाईट वाटायचं ते वाटलंच.

एक जण मात्र वेगळा. एक पाहुणा. प्रत्येक धडा पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही क्षण न गाळता. शिवाय मागे जातो. एकेक वाक्य तीन तीन, चार चार वेळा बघतो. "इतका मन लावून कोणी सिनेमापण बघत नाही," कात्री म्हणाली.

घरी येताना चालत आले. इतक्या वर्षांत असा विद्यार्थी मला एकही मिळाला नव्हता.

५ फेब्रुवारी

पाहुण्याची पहिली कॉमेंट आली. जशीच्या तशी उतरवते: "चेहरा मोठा ठेवा. बोलताना हात तोंडापुढे आणू नका."

कात्री हसून हसून बेजार. "मॅडम, हा तर चाहता निघाला!"

मी भडकले. धड्यातल्या लिंक्ड लिस्टबद्दल शंका नाही, प्रश्न नाही, आणि चेहरा मोठा ठेवा! या वयात! चावटपणाची हद्द आहे. कात्रीला सांगितलं, अशा माणसाला उत्तर द्यायचं नाही.

६ फेब्रुवारी

आज केस नीट बांधले. ओठांना किंचित रंग लावला. उगाच नाही. कॅमेऱ्यासमोर माणसाने नीटनेटकं असावं. हात मांडीवर ठेवून बोलले.

८ फेब्रुवारी

पाहुणा: "आजचा धडा उत्तम कळला. असाच रंग ठेवा."

मेला.

(रंग ठेवला.)

१६ फेब्रुवारी

प्राचार्यांचा निर्णय: मुलांना हलती चित्रं हवीत, बाईंचा चेहरा नको. तीन धडे कात्रीने तसे केले. मागे फक्त माझा आवाज, पडद्यावर चौकोन, बाण, रंगीत आकडे. दिसायला छानच. मुलांचे आकडे वाढले.

आणि पाहुणा गेला. पहिला धडा दोन मिनिटं पाहिला, दुसरा अर्धं मिनिट, तिसरा उघडलासुद्धा नाही. एवढीच कॉमेंट: "चेहरा नाही तर काही कळत नाही."

आता मलाच कोड्यात पडल्यासारखं झालं आहे. चाहता म्हणावा तर रोज एवढा वेळ क्यू आणि स्टॅक, म्हणजे रांगा आणि चळती, कोण सोसतं? विद्यार्थी म्हणावा तर चित्राने कळत नाही आणि चेहऱ्याने कळतं हे कसलं शिकणं?

घरीही तऱ्हाच. ताईचं चित्त ठिकाणावर नाही. जेवताना माझ्याकडे टक लावून बसते. "काय बघतेस?" "काही नाही. बोल ना." "काय बोलू?" "काहीही बोल." गेल्या दोन वर्षांत माझं एक वाक्य धड ऐकलं नाही, आणि डॉक्टरांनी बोलू नको म्हटल्यावर हिला बोलणं हवंय. मी भाजी वाढून घेतली आणि गप्प जेवले.

१९ फेब्रुवारी

प्राचार्यांशी भांडले. घसा दुखेपर्यंत. त्यांना म्हटलं, एका माणसासाठी का होईना, मी पडद्यावर राहणार. ते म्हणाले, एका माणसासाठी धोरण बदलत नाहीत. मी म्हटलं, मग उरलेले धडे तुम्हीच बोला.

तडजोड झाली: अर्धा पडदा माझा, अर्धा चित्रांचा. संध्याकाळी कात्रीचा निरोप: पाहुणा परत आला. मी एकटीच होते, तरी टाळी वाजवली.

२७ फेब्रुवारी

हे लिहायला नको वाटतंय.

कात्री आज बराच वेळ काही बोलायचं टाळत होती. मग म्हणाली, "मॅडम, तुमच्या पाहुण्याचं एक लक्षात आलं. तो आवाज बंद करून बघतो."

"म्हणजे?"

"पहिल्या धड्यापासून. एकदाही आवाज चालू केलेला नाही."

मी तिला म्हटलं, यंत्र चुकलं असेल. तिने दाखवलं. चुकलं नव्हतं.

माझा उरलेला आवाज मी थेंबथेंब करून ज्याच्यासाठी खर्च करते आहे, तो पहिली गोष्ट करतो ती म्हणजे माझा आवाज बंद. नुसतं तोंड हलताना बघतो. कशासाठी? करमणूक? आणि मी रंग लावून बसते! इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. आणि लाजेपेक्षा जास्त एकटं वाटलं. तो होता तोवर निदान एक तरी माणूस माझं ऐकतो, असा माझा समज होता.

घरी आल्यावर ताई म्हणाली, "आज अगदीच गप्प?"

मी तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "तुला माझं ऐकायचं असतं कधी?"

ती काही तरी बोलणार होती. मग उठून आत गेली. दार लावून घेतलं. टॅबही घेऊन गेली. माझं बोलणं सोडून हिला सगळं बघायचं असतं.

१२ मार्च

शेवटचा धडा. रिकर्शन, म्हणजे स्वतःलाच पुन्हा हाक मारणारी रीत. आवाज सारखा फाटत होता, कात्री दर दोन वाक्यांनी पाणी देत होती. धडा संपला आणि मी ठरवलेलं नसताना बोलत राहिले. म्हटलं, "जे कोणी माझे धडे आवाज बंद करून बघतात त्यांना एक सांगायचं आहे. हा आवाज आता जाणार आहे. एकदा तरी ऐका. आवडला नाही तर नाही."

कात्रीने दिवे मालवले. तिने यातलं काही कापलं नाही. पुढची शांतताही तशीच ठेवली.

१४ मार्च

पाहुण्याचं उत्तर. दोनच शब्द. "ऐकलं असतं."

ऐकलं असतं म्हणे! मग अडवलंय कोणी? बटण तर तुझ्याच हातात आहे ना बाबा? मी कात्रीला म्हटलं, आता मला याचं काही सांगू नकोस.

ताईला दोन दिवस बरं नाही. डोळे सुजलेत. सर्दी म्हणते.

२९ मार्च

काल ऑपरेशन झालं. बोलायची सक्त मनाई. कुजबुजायचीही नाही, कुजबुजणं तर जास्त वाईट म्हणे. नर्सने पाटी आणि खडू दिला आहे. लहानपणी पाटीवर लिहायला शिकले, म्हातारपणी परत पाटीच.

सकाळी खिडकीतून वारा झोंबत होता. पाटी टेबलावर होती, हात पोचेना, हाताला सलाईन. ताई खुर्चीत बसली होती. वैतागून मी नुसते ओठ हलवले, श्वाससुद्धा न सोडता: खिडकी लाव.

ती उठली आणि तिने खिडकी लावली.

वाटलं, तिलाही थंडी वाजली असेल. मग मुद्दाम दुसरं बोलले. डॉक्टरांना विचार, घरी कधी सोडणार. ताई बाहेर गेली, पाच मिनिटांनी आली. "परवा सोडतील म्हणाले. ते तरुण डॉक्टर होते, मोठे दुपारी येणार आहेत."

मी बघतच राहिले. नर्सला माझी खूण कळत नाही, मोठ्या डॉक्टरांना कळत नाही. ओठांनीच विचारलं, तुला कसं कळलं?

"तू 'सोडणार' म्हणताना खालचा ओठ डावीकडे नेतेस," ती म्हणाली. "त्या क्यूच्या धड्यातपण नेला होतास. मला चार वेळा मागे जाऊन बघावं लागलं."

क्यूच्या धड्यात.

मी पाटी मागितली. ताई पांघरूण सारखं करत बसली. मग माझ्याकडे न बघता एकदम बोलायला लागली. मेव्हणे गेले त्या वर्षापासून तिला काहीच ऐकू येत नाही. श्रवणयंत्राचाही उपयोग नाही. "टेलिफोनवाली बहिरी झाली, असं कोणी म्हणायला नको होतं मला. तुझ्याजवळ तर मुळीच नाही. ओठ बघून निभत होतं बाहेर. पण तू घरात सारखी पाठ करून बोलायचीस गं. ओट्याशी उभी राहून, फ्रीजमध्ये डोकं घालून, जिन्यातून. तुझे ओठ मला कधी मिळालेच नाहीत. आणि त्या धड्यांत तू तासभर नुसती माझ्याकडे बघून बोलायचीस."

पांघरुणाचं टोक दुमडत म्हणाली, "ऑपरेशनचंही मला त्यातच कळलं. म्हटलं, आता हिचा आवाज गेला तर हिचं बोलणं घरात कोणाला तरी कळायला हवं. म्हणून शिकत बसले. तुझं ते कॉम्प्युटरचं सगळं कळलं नाही. चळत कळली."

मला हुंदका आला. डॉक्टरांचा हुकूम आहे, रडायचं तर आवाज न करता. तशी रडले. मी दोन वर्षं जिला ऐकू जावं म्हणून भिंती हादरेपर्यंत ओरडले, गळ्यात गाठ होईस्तोवर ओरडले, तिच्यापर्यंत त्यातलं काहीसुद्धा पोचलं नव्हतं. आणि ती बिचारी रोज समोर येऊन बसत होती.

८ मे

डॉक्टरांनी आज बोलायला लावलं. "आ" म्हणा, मग नाव सांगा, मग एक वाक्य. जे बाहेर आलं ते माझं नव्हतं. गंजलेल्या बिजागरीसारखं काहीतरी, तेही मधेच तुटणारं. डॉक्टर म्हणाले, "सुधारेल थोडं." थोडं.

तिथून कॉलेजात गेले. प्राचार्यांना नमस्कार म्हटलं आणि त्यांची मान खाली गेली. "विश्रांती घ्या, मॅडम. धडे आहेतच." वर्गाचं मी विचारलं नाही, उत्तर त्यांच्या मानेत दिसत होतं. कात्रीने मला मिठी मारली, पण माझा आवाज ऐकून आधी तीही दचकली होती. बसमध्ये तिकीट मागितलं तर पुढच्या सीटवरच्या पोरीने वळून पाहिलं. घरापर्यंत मग कोणाशी बोललेच नाही. बोलायची भीती वाटायला लागली. शिकवणं संपलं हे मला आज कळलं, आणि ते फार दुखलं.

ताई भाजी निवडत होती. मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. उजेड माझ्या तोंडावर येईल अशी. आणि मोठ्याने, त्या भयंकर आवाजात, सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, प्राचार्यांची मान, ती पोरगी. आवाज तीनदा तुटला, एकदा नुसतीच हवा आली. सांगून झाल्यावर विचारलं, "किती वाईट झालाय गं?"

ताईने हातातली जुडी खाली ठेवली. माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"काय झालंय?" ती म्हणाली. "मला तर तुझ्या बोलण्यात काही फरक दिसत नाही."